रात्रीच्या मुंबईत बसायची जागा

चर्चगेटहून बोरिवलीला जाणारी शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते. मध्य रेल्वेचा दिवस त्याच्या आधीच संपलेला असतो. पहाटे चारच्या आसपास पहिली गाडी निघेपर्यंत मधे जेमतेम तीन तास उरतात आणि त्या तीन तासांत मुंबईत जो जिथे असेल तो तिथेच अडकतो. अशी अडकलेली माणसं थोडीथोडकी नसतात. ससून डॉकवर मासळीच्या लिलावाची तयारी चाललेली असते. दादरच्या फुलबाजारात झेंडू-शेवंतीचे भारे उतरत असतात. परळला टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या बाहेर गावाकडून आलेले नातेवाईक फुटपाथवर पथारी टाकून बसलेले असतात. हॉटेलं आणि बार आवरून निघालेले वेटर, पाळी संपलेले सुरक्षारक्षक, विमानतळावरचे हमाल, टॅक्सीवाले असे सगळे कुठेतरी टेकायला जागा शोधत असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येतो तो सायकलला किटली आणि थर्मास लटकवून फिरणाऱ्या चहावाल्याचा कटिंग, तोही उभ्याउभ्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने आदेश काढून स्पष्ट केलं, की दारू विकणारी ठिकाणं वगळता दुकानं, हॉटेलं आणि उपाहारगृहं चोवीस तास उघडी ठेवायला हरकत नाही. ‘मुंबईची नाइटलाइफ’ या विषयावर दहाएक वर्षं जी चर्चा चालू होती तिचा हा ताजा टप्पा. त्या चर्चेत महसूल, रोजगार आणि कायदा-सुव्यवस्था हे शब्द वारंवार आले. वस्ती हा शब्द मात्र क्वचित आला. मुंबईच्या एकेका वस्तीचा स्वभाव तिथल्या टेबलांवर घडला आहे. कुणाला, किती पैशांत आणि किती वेळ बसू दिलं जातं, यावर तो ठरला. बसू देणं परवडावं यासाठी जागेचं भाडं आटोक्यात असावं लागतं, रात्रीचा कायदा समंजस असावा लागतो आणि उठल्यावर घरी नेणारी गाडी असावी लागते. धोबीतलाव, माटुंगा, लालबाग-परळ आणि वांद्रे या वस्त्यांची गेल्या शंभर वर्षांची गोष्ट याच तीन धाग्यांनी विणलेली आहे.

कोपऱ्यावरचं संगमरवरी टेबल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणमधल्या यझ्द आणि करमान भागातून दुष्काळ आणि छळाला कंटाळून निघालेले झरतुष्ट्री मुंबईत आले. त्यांच्यामागून तिथले काही मुसलमानही आले. शेकडो वर्षं आधी आलेले पारशी तोवर गिरण्यांचे आणि जहाजांचे मालक झाले होते. या नव्या इराण्यांनी चहा विकायला सुरुवात केली. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं दुकान हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून कोपरे इराण्यांना स्वस्तात मिळाले, असं सांगितलं जातं. कारण काही असो, कोपऱ्याला दोन्ही रस्त्यांचा उजेड, दोन दारं आणि दुप्पट वर्दळ असते. मुंबईचा इराणी ओळखावा तो या कोपऱ्यावरून, आतल्या संगमरवरी टेबलांवरून, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांवरून आणि भिंतींवरच्या मोठाल्या आरशांवरून.

धोबीतलावला जेर महाल इमारतीत १९०४ पासून कयानी आहे. जवळच मरीन लाइन्सला १९१३ चं ससानियन, ग्रँट रोड स्टेशनसमोर मावा केकसाठी नावाजलेलं १९१४ चं बी. मेरवान, बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ चं ब्रिटानिया, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलवर कूलर अँड कंपनी अशी यादी करत गेलं तर विसाव्या शतकाच्या मध्यावर ती काही शेकड्यांत जात असे. आज उरलेत ते दोन-तीन डझनांच्या आसपास.

इराण्याने मुंबईला बन मस्का, ब्रून, खारी आणि ‘पानी कम’ चहा दिला, हे सगळेच सांगतात. त्याहून मोठी गोष्ट त्या टेबलाशी कोण बसे, ही आहे. त्या काळी अनेक खानावळी जातीपातीच्या होत्या. कुणाच्या हातचं कुणी खायचं आणि कुणाच्या पंगतीला कुणी बसायचं याचे नियम शहरात येऊनही सुटले नव्हते. इराण्याच्या दुकानात हे काहीच नव्हतं. एकाच टेबलावर गोदीकामगार, कारकून, टॅक्सीवाला आणि कॉलेजचा पोरगा बसे. पावाबरोबर खिमाही मिळे आणि आम्लेटही. ज्याला घरी किंवा गावी शेजारी बसवून घेतलं जात नव्हतं, अशा माणसाला चहाच्या एका कपाच्या किमतीत या शहरात बरोबरीची खुर्ची मिळाली. मुंबईच्या मोकळेपणाबद्दल जे बोललं जातं, त्याचा बराचसा पाया या खुर्च्यांवर घातला गेला.

एका चहावर तासभर बसणारं गिऱ्हाईक इराण्याला परवडत होतं, यामागे १९४७ चा भाडेनियंत्रण कायदाही होता. पागडीच्या जागांची भाडी गोठली आणि मोक्याच्या कोपऱ्यांवरचे इराणी टिकले. शहराचे भाव वाढत गेले तशी या दुकानांखालची जमीन आतल्या धंद्याच्या कितीतरी पट महाग झाली. पुढची पिढी शिकून परदेशी गेली, भागीदार थकले, बेकरीची भट्टी चालवायला माणसं मिळेनाशी झाली आणि एकेक कोपरा बँकेला, औषधाच्या दुकानाला किंवा बारला गेला. धोबीतलावचं बास्तानी याच लाटेत बंद झालं. तिथल्या भिंतीवर ‘हे करू नये, ते करू नये’ अशा सूचनांची जी पाटी होती, तिच्यावरून कवी निसिम इझिकेल यांनी कविता लिहिली होती. आता पाटी नाही, कविता आहे.

कॉफीचाही इथे एक हिशेब आहे. कॉफी उत्पादकांच्या उपकरातून चालणारं पहिलं ‘इंडिया कॉफी हाउस’ १९३६ मध्ये चर्चगेटला उघडलं. पुढे कॉफी बोर्डाच्या अखत्यारीत देशभर त्याच्या शाखा झाल्या. १९५० च्या दशकात बोर्डाने त्या बंद करायला घेतल्या तेव्हा कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढून त्या स्वतः चालवायला घेतल्या. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर, केरळच्या गावोगावी, दिल्लीत आणि जबलपूरला कॉफी हाउस टिकलं. जिथे ते सुरू झालं, त्या चर्चगेटला मात्र ते राहिलं नाही.

काळा घोडा परिसरातही तेच घडलं. रॅम्पार्ट रोच्या कोपऱ्यावरच्या ‘वेसाइड इन’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसून लिहीत, अशी आठवण सांगितली जाते. कवी अरुण कोलटकरांची तर ती वर्षानुवर्षांची बैठक होती. गुरुवारी दुपारी मित्रमंडळी जमत. खिडकीतून दिसणाऱ्या त्रिकोणी चौथऱ्यावरची माणसं, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाया, इडलीवाली आणि तिच्याभोवती गोळा होणारं उपाशी शहर, त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आली. हे पुस्तक २००४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढलं. वेसाइड इन त्याआधीच बंद झालं होतं. पलीकडे जहांगीर आर्ट गॅलरीच्या अरुंद पडवीत उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं ‘समोवार’ ३१ मार्च २०१५ रोजी बंद झालं. ज्यांची चित्रं अजून विकली जात नव्हती असे चित्रकार तिथे अर्धा दिवस काढू शकत. आज त्याच परिसरात उत्तम कॅफे आहेत. त्यांत अर्धा दिवस काढायचा तर खिशात बरेच पैसे लागतात.

माटुंग्याची कापी

मुंबईत कॉफी ही ज्या एका वस्तीची रोजची गोष्ट झाली, ती म्हणजे माटुंगा. १८९६ च्या प्लेगनंतर ब्रिटिश सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि दाटीवाटीच्या जुन्या शहराबाहेर दादर-माटुंगा भागात आखीव रस्ते, बागा आणि कमी उंचीच्या इमारतींची योजना केली. तिथल्या नव्या घरांत तमिळ, मल्याळी, कन्नड कुटुंबं आली. लघुलेखक, टंकलेखक, हिशेबनीस, रेल्वेचे नोकरदार अशी ही मंडळी होती. १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. देवळं आली, संगीताचे वर्ग आले. गजरे, केळीची पानं आणि नारळ विकणारी फुलबाजाराची गल्ली आली.

एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना जेवू घालण्यासाठी उडुपीकडचे लोक आले. ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये स्टेशनजवळ सुरू केलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये आजही केळीच्या पानावर जेवण वाढतात. १९४० च्या कॅफे मद्रासबाहेर रविवारी सकाळी नाव लिहून वाट पाहणाऱ्यांची रांग फुटपाथभर असते. जवळच कॉफी दळून देणारी दुकानं आहेत. तिथे पीबेरी किती, प्लँटेशन किती आणि चिकोरीचं प्रमाण काय, हे गिऱ्हाइकागणिक ठरलेलं असतं. घराघरात कुटुंबाचं मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतं. संध्याकाळी पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये पूड भरून ठेवायची, रात्रभर डिकॉक्शन उतरू द्यायचं आणि पहाटे उकळत्या दुधात ते घालून डबरा-टंबलरमधून वरखाली करायचं, हा इथल्या दिवसाचा आरंभ.

माटुंग्याची रात्र लवकर संपते. त्याचं कारणही या कॉफीतच आहे, कारण ही वस्ती पहाटे उठणाऱ्यांची आहे. सातच्या आत इडलीची पहिली भांडी उतरलेली असतात. इथल्या हॉटेलांत कुणी तास तास बसत नाही. खाऊन उठायचं आणि पुढच्याला जागा द्यायची, ही इथली रीत. तरीही या हॉटेलांभोवती वस्ती बांधली गेली, कारण तीच माणसं रोज तिथेच येतात, वाढणाऱ्याला गिऱ्हाइकाची सवय पाठ असते आणि दर नोकरदाराला झेपतात. जागा बहुतेक जुन्या आहेत आणि धंदा कुटुंबाचा आहे. मुंबईची इतर मध्यमवर्गीय ठिकाणंही अशीच टिकली. दादर स्टेशनजवळचं १९१० पासूनचं मामा काणे यांचं स्वच्छ उपाहारगृह हे त्याचं मराठी उदाहरण. बटाटेवडा, पियूष, साबुदाण्याची खिचडी यांच्या भोवती दादरचा नाटकाचा प्रेक्षक आणि वाचनालयाचा वाचक वाढला.

तीन पाळ्यांचं गाव

मुंबईत रात्रीचं जीवन पब आणि क्लबांनी आणलं, हा समज खोडायला लालबाग-परळची गोष्ट पुरेशी आहे. १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली. विजेचे दिवे आल्यावर कामाचे तास सूर्याच्या ताब्यातून सुटले आणि पुढे तीन पाळ्या सुरू झाल्या. भोंग्यावर वस्ती जागी होई आणि भोंग्यावर झोपे. एका गाळ्यात पंधरा-वीस माणसं राहत, पण एका वेळी सगळी नसत. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा होई.

अशा माणसांना वेळीअवेळी जेवण लागे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना चाळीतल्या बायका महिनेवारीने जेवू घालत. या खानावळवाल्या बायका सावकाराच्या आणि वाण्याच्या कर्जात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. रात्रपाळी, रात्रशाळा, भजनी मंडळांचे सामने, गणपतीपुढे रात्रभर चालणारे कार्यक्रम, दामोदर नाट्यगृहातले कामगारांचे प्रयोग, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथकाचे तमाशे, नाक्यावरचा इराणी आणि त्याच्या टेबलावरचं युनियनचं राजकारण हे सगळं मिळून गिरणगावची रात्र होती. त्या रात्रीत दारू, मटका आणि मारामाऱ्याही होत्या. पण ती रात्र तिथे राहणाऱ्यांची होती आणि राहणारे तिथेच काम करत होते. घरी जायला गाडी लागत नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणी उद्योग उठलाच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते. एक वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. जिथे गिरणीच्या शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. शहराच्या मध्यभागी बागा, शाळा आणि घरांसाठी मिळू शकली असती अशी मोठी जमीन त्या एका दुरुस्तीने हातची गेली.

शेडच्या जागी मॉल, कार्यालयं, स्टुडिओ आणि रेस्टॉरंटं आली. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला, मथुरादास, तोडी या गिरण्यांच्या आवारांत रात्री उशिरापर्यंत संगीत वाजू लागलं. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली. बांबू आणि कापडाच्या छतामुळे ती क्षणात पसरली. १४ माणसं मेली. त्यांतली बरीच जिवाच्या आकांताने प्रसाधनगृहाकडे गेली होती आणि तिथे गुदमरली. चौकशीत परवान्यांपासून बाहेर पडण्याच्या वाटांपर्यंत अनेक गोष्टी समोर आल्या. कापडासाठी बांधलेल्या आवारात एका रात्रीत हजारो माणसं आणायची, तर आत येण्याइतकाच बाहेर पडण्याचा रस्ता महत्त्वाचा असतो. शहराने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आणि तो विसरायची त्याला मुभा नाही.

तुतारी, परमिट आणि बंदी

कुणाची रात्र प्रतिष्ठित आणि कुणाची बदनाम, हे मुंबईत बहुतेक वेळा कायद्याने ठरवलं. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये टेडी वेदरफोर्डसारखे आफ्रिकी-अमेरिकी वादक जॅझ वाजवत होते. त्यांच्या बँडमध्ये आणि त्यांच्यानंतर स्वतःच्या बँडमध्ये गोव्याचे वादक उभे राहिले. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही मुलं धोबीतलावच्या ‘कुडां’त उतरत. गावागावाच्या नावाने चालणारी ही स्वस्त वसतिगृहं खलाशांची आणि वादकांची होती. त्यांतली काही त्याच जेर महालात होती, जिथे खाली कयानीचा चहा मिळे. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट रात्री हॉटेलात ट्रंपेट वाजवत आणि दिवसा संगीतकार सी. रामचंद्रांच्या ध्वनिमुद्रणात बसत. ‘अलबेला’मध्ये १९५१ साली त्यांचा बँड पडद्यावरही दिसला. हॉटेलांमधल्या रात्रींचं संगीत असं हिंदी सिनेमात उतरलं आणि घराघरातल्या रेडिओवर पोचलं.

याच सुमारास १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मुंबई राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कठोर आग्रहाने दारू घराघरातल्या चोरट्या गुत्त्यांत गेली आणि गुन्हेगारी टोळ्यांना उत्पन्नाचं साधन मिळालं. पुढे बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, परवाने आले, आणि कित्येक इराण्यांनी चहाच्या जोडीला ‘परमिट रूम’ची पाटी लावली. चहापेक्षा बिअरवर भाडं निघत होतं. कोपऱ्यावरचं टेबल राहिलं, पण त्याच्याशी बसणाऱ्यांमधून बायका, विद्यार्थी आणि म्हातारे कमी झाले.

२००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली. तीन आणि त्याहून अधिक तारे असलेल्या हॉटेलांना मात्र त्यातून सूट होती. हा भेदभाव आहे असं म्हणत उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. कडक अटी घालणारा २०१६ चा नवा कायदा आणि त्या अटी सैल करणारा २०१९ चा निकाल हे त्याचे पुढचे टप्पे. या चौदा वर्षांत हजारो स्त्रियांचं पोटापाण्याचं साधन गेलं. नैतिकतेवर तावातावाने वाद झाले. काम सुटल्यावर रात्री दोन वाजता त्या घरी कशा जात, हा प्रश्न त्या वादांत फार कमी जणांना पडला.

रानवारचे क्रूस आणि एस्प्रेसो

वांद्र्यात जुन्या ईस्ट इंडियन वस्त्यांना पाखाडी म्हणतात. परंपरेने अशा २४ पाखाड्या सांगितल्या जातात. रानवार त्यांतली एक. इथले मूळ रहिवासी मराठीची बोली बोलणारे ख्रिस्ती. त्यांचे पूर्वज भातशेती आणि बागाईत करत. बैठी घरं, बाहेर काढलेला जिना, लाकडी सज्जा, अंगणात आंबा किंवा फणस, आणि वळणावर प्लेगच्या काळात उभारलेला क्रूस असा या वस्तीचा चेहरा. मे महिन्याच्या संध्याकाळी क्रूसापाशी शेजारी जमतात आणि प्रार्थना म्हणतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या नव्या कॉफीचं एक केंद्र याच गल्ल्यांत तयार झालं. त्याची मुळं चिकमगळूर आणि कूर्गच्या मळ्यांत आहेत. पूर्वी मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावी लागे. चांगली आणि साधारण सगळी एकत्र होई आणि कोणत्या मळ्याची कोणती, हे पिणाऱ्याला कळायची सोय नव्हती. १९९० च्या दशकात ही सक्ती उठली. १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झालं आणि काही वर्षांत मुंबईच्या कॉलेजच्या पोरापोरींना भेटायला वातानुकूलित जागा मिळाली. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी टाटांच्या भागीदारीत स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उघडलं. त्यानंतर मळ्याचं नाव, उंची आणि प्रक्रिया सांगून कॉफी विकणारे छोटे भाजणीवाले आले. ‘सबको’ने २०२० मध्ये रानवारच्या चॅपल रोडवरच्या जुन्या घरात सुरुवात केली. सेंट ज्यूड या जुन्या बेकरीच्या जागेत ‘व्हेरोनिकाज’ आलं.

या बदलाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. भारतीय कॉफीचा मोठा हिस्सा परदेशी जातो. तिच्यातली उत्तम कॉफी इथेच भाजून इथल्या माणसाला मिळावी आणि मळ्याचं नाव कपावर यावं, हे चांगलंच झालं. जुनं घर पाडून टॉवर बांधण्याऐवजी त्यात कॅफे आला, तर निदान सज्जा आणि कौलं वाचतात. गिरगावच्या खोताच्या वाडीत अशी घरं निम्म्याहून कमी उरली आहेत, हे पाहता रानवारमध्ये त्याचं मोल मोठं आहे.

दुसरी बाजू गल्लीत राहणाऱ्यांची आहे. ज्या रस्त्यावरून एक बैलगाडी जावी एवढाच अंदाज होता तिथे रात्री गाड्या दुतर्फा लागतात. म्हाताऱ्या माणसाला न्यायला आलेली रुग्णवाहिका अडते. दारापुढे रांगा, फोटो, मोठ्याने हसणं, आणि खाली भाडं वाढलं म्हणून वर राहणाऱ्या भाडेकरूवर जागा सोडण्याचा दबाव. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र मोजायची दहा ते सहा. कार्यकर्त्या सुमायरा अब्दुलाली यांनी २००३ पासून आणि पुढे त्यांच्या आवाज फाउंडेशनने न्यायालयात दाद मागत आणि रस्त्यावर आवाजाची मोजणी करत हा विषय लावून धरला. झोप ही शहराने नागरिकाला द्यायची मूलभूत गोष्ट आहे. रानवारमधला माणूस कॅफेच्या विरोधात नाही. आपल्या क्रूसासमोर मे महिन्यात दहा खुर्च्या मांडता याव्यात, एवढीच त्याची मागणी आहे.

रात्रीला परवाना कुणाचा

मोहम्मद अली रोड आणि मिनारा मशिदीच्या गल्लीत रमजानचा महिनाभर पहाटेपर्यंत खाणंपिणं चालतं. मालपुवा, फिरनी, नल्ली निहारी, सीख कबाब यांच्यासाठी ठाण्या-विरारहूनही सगळ्या धर्मांची माणसं येतात. बायका-पोरं, म्हातारी माणसं पहाटे दोन वाजता रस्त्यावर निर्धास्त फिरतात. तिथे दारू नाही. विकणारे त्याच वस्तीतले आहेत, वर राहणारेही त्यांचेच नातलग किंवा शेजारी आहेत आणि पोलीस व पालिका त्या महिन्यापुरती रहदारीची वेगळी सोय करतात. हीदेखील मुंबईची नाइटलाइफ आहे आणि ती शंभर टक्के इथली आहे. आता शेजारच्या भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर अडीचशेच्या आसपास जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. पडक्या इमारतींतून हजारो कुटुंबं पक्क्या घरांत जाणार, ही मोठी गोष्ट आहे. रस्त्यालगतचा ओटा आणि बाकडं नव्या आराखड्यात कुठे बसतात, यावर त्या बाजाराची रात्र अवलंबून राहील.

चोवीस तासांच्या धोरणाची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून झाली. २०१७ मध्ये १९४८ चा जुना दुकानं-आस्थापना कायदा जाऊन नवा आला आणि बंद करण्याच्या वेळेचं बंधन सैल झालं. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत मॉल, गिरण्यांची आवारं आणि बिगरनिवासी भागांत रात्रभर दुकानं उघडी ठेवायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी त्याचा बराच पाठपुरावा केला होता. दोन महिन्यांत कोविड आला आणि सगळंच बंद झालं. या वाटचालीत मॉलला रात्र मिळाली. सायकलवरच्या चहावाल्याला नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे फेरीवाल्यांच्या समित्या आणि जागा ठरवायच्या आहेत, पण मुंबईत ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. मध्यरात्री परवडणारा चहा देणारा माणूस कायद्याच्या बाहेरच राहिला आणि पोलिसाची गाडी दिसली की सायकल वळवून पळत राहिला.

इतर मोठ्या शहरांनी रात्रीकडे प्रशासनाचा विषय म्हणून पाहिलं. ॲमस्टरडॅमने रहिवासी, क्लबवाले आणि पालिका यांच्यात बोलणी घडवायला ‘रात्रीचा महापौर’ नेमण्याची पद्धत रुजवली. लंडनने ऑगस्ट २०१६ पासून शुक्रवार-शनिवारी काही मार्गांवर रात्रभर भुयारी रेल्वे चालू ठेवली. मुंबईच्या लोकलला रुळांच्या देखभालीसाठी रात्रीचे तेच तीन तास मिळतात. त्यामुळे रात्रभर लोकल मागून उपयोग नाही, हे कुणीही रेल्वेवाला सांगेल. बस मात्र धावू शकते. बेस्टच्या रात्रभरच्या बस मोजक्याच मार्गांवर आहेत, आणि बेस्टचा स्वतःच्या गाड्यांचा ताफा गेली कित्येक वर्षं आटत चालला आहे.

२०१७ च्या त्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला कामावर ठेवायचं असेल, तर तिची संमती घ्यावी लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. पुरुष कर्मचाऱ्याला हे संरक्षण नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या आस्थापना तर बहुतेक तरतुदींतून सुरुवातीपासूनच बाहेर आहेत आणि शहरातले किती तरी छोटे कॅफे याच गटात मोडतात. लोअर परळला दीड वाजता टेबलं पुसून निघालेला पोरगा नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला राहतो. चोवीस तास धंद्याची मुभा देताना पालिकेने आणि सरकारने अर्जदाराला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. कर्मचारी घरी कसे जाणार, वर आणि शेजारी कोण राहतं, आणि आग लागली तर किती दारं उघडतात. बेस्टच्या रात्रीच्या बसचे मार्ग याच उत्तरांवरून आखता येतील, आणि ते काम प्रभाग पातळीवर पुढच्या अर्थसंकल्पातच सुरू व्हायला हवं.